कॉमिक्स फुकट वाचू द्या, पण चित्रकाराचे पैसे बुडवू नका

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या कॉमिक्सच्या पीडीएफची पहिली दोन पानं नीट बघा. मुखपृष्ठ असतं. त्याच्या मागचं पान, जिथे लेखक, चित्रकार, रंग भरणारा, अक्षरं लिहिणारा यांची नावं छापलेली असतात, ते काढून टाकलेलं असतं. त्या जागी टेलिग्राम चॅनेलचं नाव आणि ‘जॉइन करा’ची लिंक. पुढे प्रत्येक पानावर तेच नाव फिकट करड्या अक्षरांत तिरकं उमटवलेलं, आणि चित्रकाराने कोपऱ्यातल्या चौकटीत केलेली बारीक सही नेमकी त्याखाली गेलेली. दुसऱ्याचे श्रम उचलून नेणाऱ्याला स्वतःचं नाव मात्र पानापानावर हवं असतं, हे बघून मला दर वेळी संताप येतो.

संतापाचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काहींना वाटेल की मी चोरीची बाजू घेतोय.

मी सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे. आठवी-नववीतली मुलं वाचत नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. ती भरपूर वाचतात, फक्त वाचनालयातलं वाचत नाहीत. मांगा या जपानी कॉमिक्सचे इंग्रजीत आणलेले भागच्या भाग त्यांच्या मोबाइलवर असतात. जुने वेताळाचे (फँटमचे) अंक कुणाच्या तरी काकांनी पाठवलेले असतात. एखाद्या मराठी चित्रकाराने पदरमोड करून कॉमिक काढलं, तर तेही चार दिवसांत तिथेच येऊन पोचतं. विकत घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: “पीडीएफ गावता मां? मगे इकत कित्याक घेवचा?” (पीडीएफ मिळते ना? मग विकत कशाला घ्यायचं?) या प्रश्नात मुजोरी नाही. ही फाइल कुणाच्या तरी महिन्यांच्या कामातून आली आहे, हे त्या मुलाला कोणी कधी सांगितलेलंच नाही. आणि त्याने विकत घ्यायचं ठरवलं तरी घेणार कुठून? आमच्या तालुक्यात पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाईडं आणि काउंटरच्या कोपऱ्यात चार-दोन कादंबऱ्या. ऑनलाइन मागवलं तर दीडशेच्या पुस्तकावर टपालखर्च साठ-सत्तर.

माझं म्हणणं असं आहे. वाचणाऱ्याच्या खिशावर आणि त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सगळा भार टाकून हा प्रश्न सुटणार नाही. वाचन फुकट किंवा अगदी स्वस्त राहिलं पाहिजे, आमच्यासारख्या भागात तर राहिलंच पाहिजे. आणि चित्रकाराला वाचनागणिक पैसे मिळाले पाहिजेत. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं आपण धरून चाललोय. तसं धरायचं काही कारण नाही.

आधी एक पान कसं तयार होतं ते सांगतो, कारण पैशाचा हिशेब तिथून सुरू होतो. पटकथा हातात आली की चित्रकार अंगठ्याएवढ्या चौकटींत पानाची मांडणी करून बघतो. वाचकाची नजर कुठून कुठे जाईल, कोणती चौकट मोठी ठेवायची, पान उलटल्यावर नेमकं काय दिसलं पाहिजे, हे सगळं तिथे ठरतं. मग मोठ्या कागदावर किंवा टॅबवर पेन्सिल. होडी काढायची तर ती कुठली हे माहीत असावं लागतं. देवगडच्या बंदरातला ट्रॉलर आणि आचऱ्याच्या किनाऱ्यावरची रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी सारखीच काढली, तर मालवणातलं पोर पहिल्याच चौकटीला पुस्तक मिटून ठेवेल. रापण ओढतानाचं दृश्य घ्या. जाळ्याच्या दोन टोकांना दोन रांगा, प्रत्येक रांगेत पंधरा-वीस माणसं दोराला लागलेली. त्यातल्या पुढच्या आठ-दहा जणांच्या पाठी, पोटऱ्या, वाळूत रुतलेल्या टाचा वेगवेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर ती माणसं वाटत नाहीत, शिक्के वाटतात. मग इंकिंग, म्हणजे पेन्सिलीच्या रेघांवर शाई, मग रंग. शेवटी फुग्यांत संवाद. मराठीत हे काम जास्त किचकट असतं. वेलांट्या, मात्रा, उकार यांना ओळीच्या वर आणि खाली जागा लागते, त्यामुळे इंग्रजीच्या अंदाजाने सोडलेला फुगा हमखास कमी पडतो आणि मग एक तर अक्षर बारीक करा, नाहीतर चित्र झाका. पाच-सहा चौकटींचं असं रंगीत पान मनासारखं करायचं तर दोन दिवस सहज जातात. बत्तीस पानांचं पुस्तक म्हणजे दोन-अडीच महिने दुसरं काम न घेता बसणं. वाचून ते अर्ध्या तासात होतं, म्हणून मागचे महिने कोणाला दिसत नाहीत.

या कामाचा मोबदला आपल्याकडे बहुधा एकरकमी ठरतो. पानाला इतके, मुखपृष्ठाला इतके, आणि व्यवहार संपला. पुस्तकाच्या पुढे दहा आवृत्त्या निघोत की त्यावर मालिका होवो, चित्रकाराचा संबंध नाही. चित्रकाराला बुडवायला पीडीएफची गरज कधीच नव्हती. १९३८ साली अमेरिकेत जेरी सिगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले आणि पुढची कित्येक दशकं त्या पात्रावर दुसरेच श्रीमंत होत राहिले. वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन द्यायला कंपनी १९७५ साली राजी झाली, तीही बाहेर बोभाटा झाल्यावर. तोवर चित्रं काढणाऱ्या शुस्टरची नजर जवळपास गेली होती.

आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांच्या हाताने त्यातले राम, कृष्ण, शिवाजी महाराज घरोघर गेले. माझ्या पिढीतल्या माणसाला कृष्णाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला सांगा, तो बहुतेक वाईरकरांचा कृष्ण असतो. चित्रकाराचं नाव विचारा, सांगता येत नाही. ज्याचं नावच माहीत नाही त्याचे पैसे बुडतायत हे कुणाला टोचणार?

आणि १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा चित्रकाराला लेखकापेक्षा कमी लेखतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पगारी नोकर नसलेल्या लेखकाने कुणाच्या सांगण्यावरून कथा लिहिली तर तिचा पहिला मालक तो लेखकच. पण पैसे देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर उलट काही ठरलेलं नसल्यास पहिला मालक पैसे देणारा, असं कलम १७ म्हणतं. मुखपृष्ठं रंगवणाऱ्याने हे कलम वाचूनच पुढचं काम घ्यावं. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळाला, आणि निर्मात्याच्या दबावाखाली तो लिहून देता येणार नाही अशी तजवीजही झाली. जावेद अख्तर त्या वेळी राज्यसभेत होते, त्यांनी तो विषय लावून धरला होता. ती तरतूद शब्द आणि सूर यांच्यापुरती आहे. चित्र त्यात नाही. का नाही? चित्रकथेतून चित्र काढून घेतलं तर मागे काय उरतं?

चोरीविरुद्धचा कायदा कागदावर कडक आहे. कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कलम ६२ तर आमच्यासारख्यांच्या सोयीचं आहे: मालवणचा चित्रकार दूरच्या शहरातल्या माणसावर आपल्याच जिल्ह्यात, ओरोसच्या जिल्हा न्यायालयात, दावा लावू शकतो. पण लावायचा कोणावर? चॅनेल चालवणाऱ्याचं नाव कळत नाही. २०२२ साली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या एका शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अशा चॅनेलवाल्यांची माहिती द्यायला लावली. निकाल महत्त्वाचाच होता. पण त्यासाठी उच्च न्यायालयात उभं राहावं लागलं, आणि दीडशे रुपयांचं पुस्तक हातोहात विकणाऱ्याला वकिलाची पहिली फीसुद्धा झेपणार नाही. थेट कंपनीकडे तक्रार केली तर मजकूर ३६ तासांत काढायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत ठेवायला कंपनी मोकळी. तितक्यात तीच फाइल दुसऱ्या नावाच्या चॅनेलवर गेलेलीही असते.

जपानने याच लढाईत सगळी ताकद लावली. ‘मांगामुरा’ नावाची चोरीची प्रचंड साइट २०१८ च्या एप्रिलमध्ये बंद पडली. ती चालवणारा फिलिपाइन्समध्ये सापडला, २०२१ साली त्याला ३ वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्याला प्रकाशकांना १७० कोटी येन भरपाई द्यायला सांगितलं. १ जानेवारी २०२१ पासून तिथे चोरीचा मांगा जाणूनबुजून डाउनलोड करणंही बेकायदा आहे. एवढं होऊन चोरीने फक्त पत्ते बदलले. मला त्या सगळ्यापेक्षा शुएइशा या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०१९ मध्ये केलेली गोष्ट जास्त शहाणपणाची वाटते. त्यांनी परदेशी वाचकांसाठी ॲप काढलं: जपानमध्ये भाग निघेल त्याच वेळी तो इंग्रजीत, आणि पहिले व ताजे भाग फुकट. आमच्याकडच्या ज्या मुलांना ते ॲप कळलं, ती ताज्या भागासाठी चोरीच्या साइटवर जात नाहीत. तिथे पान धड उघडत नाही, घाणेरड्या जाहिराती अंगावर येतात, मधली पानं गायब असतात. चांगली सोय हाताशी असली की पोर वाईट सोय सोडतं. मराठीत अशी सोय आपण केलेली नाही.

सगळ्या स्कॅनला एकाच मापाने मोजणंही मला पटत नाही. टाइम्स समूहाचे इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघाले, मराठीतही निघाले. आज ते अंक संग्राहकाकडून अवाच्या सवा किमतीला घ्यावे लागतात, आणि त्यातला एक पैसाही चित्रकाराला जात नाही. कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८० साली तिशीत असलेल्या माणसाचं चित्र या शतकाच्या अखेरपर्यंत कुलपात राहू शकतं, मग त्याचा मालक ते छापो वा न छापो. इकडे आमच्या हवेत कागद टिकत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं आहे. तिथे २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी पुन्हा आत आली. साध्या कागदाचं पुस्तक भिजलं तर निदान पानपान वाळवून बघता येतं. चित्रांचा गुळगुळीत कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटून बसतात, आणि सोडवायला गेलं की रंगच सुटून हातात येतो. पूर नाही आला तरी चार महिन्यांच्या पावसात बुरशी धरते, कसर लागते ती वेगळीच. कुठल्याच बाजारात न मिळणारा, मालकाने वाऱ्यावर सोडलेला अंक जपून स्कॅन करणाऱ्या माणसाला मी टेलिग्रामवर धंदा मांडणाऱ्याच्या रांगेत बसवणार नाही.

त्यावरचा उपायही आपल्याच राज्यात झालेला आहे. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत खुले केले. मालकानेच दार उघडलं की चोराचं काम संपतं.

पण गेल्या महिन्यात निघालेलं, ज्याचे गठ्ठे अजून चित्रकाराच्या खाटेखाली पडलेत, असं पुस्तक उचलून वाटणं याला मी कुठल्याही तत्त्वज्ञानाचा आधार द्यायला तयार नाही. ‘त्याची प्रसिद्धीच होते ना’ हे त्यातलं सर्वांत पोकळ समर्थन. नावाचं पान फाडून टाकलेल्या पुस्तकातून कोणाची प्रसिद्धी होते?

बघणारा फुकट बघतो आणि कलावंत उपाशी राहत नाही, ही व्यवस्था कोकणाला मुळीच नवी नाही. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. तिकीट नाही. मुंबईहून आलेला चाकरमानी बसतो, शेजारच्या गावचा बसतो, कडेवरचं मूल घेऊन बाई बसते. नाटकमंडळीचे पैसे देवस्थान देतं, नवसाचा प्रयोग असेल तर यजमान देतो, आणि आरतीचं ताट फिरतं त्यात ज्याला जमेल तो टाकतो. बिदागी पुरत नाही, ही कलावंतांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. ती वाढवून घ्यायलाच हवी. पण मांडणी पक्की आहे. बघणाऱ्याला दारात अडवायचं नाही, आणि पैसे प्रयोगागणिक ठरलेले.

हीच मांडणी मोडली की काय होतं तेही इथेच बघायला मिळतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी आहेत. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, एका आख्यानाची एक पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा सांगायची. चौकटी आणि शब्द यांच्या जोडीने गोष्ट सांगण्याचं आमचं घरचं रूप ते हेच. सावंतवाडी संस्थानाचा आणि देवळांचा आश्रय होता तोवर ती कला चालली. आश्रय आटला तशी ती पार कडेला गेली, पोथ्या घराबाहेर पडल्या. परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं करून उरलंसुरलं सांभाळलं, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या पोथ्यांची कुणी नक्कल करून वाटली म्हणून ती कला खचली नाही. लोक फुकट बघत होते म्हणूनही नाही. पैसे देणारा मध्ये जो होता तो नाहीसा झाला.

म्हणून माझी पहिली मागणी वाचनालयांकडे आणि सरकारकडे आहे. डेन्मार्कने १९४६ साली एक पद्धत सुरू केली: सार्वजनिक वाचनालयात पुस्तक ठेवलं, वाचलं गेलं, तर लेखकाला सरकारी निधीतून मोबदला. आज तीसहून जास्त देशांत ती या ना त्या रूपात आहे. ब्रिटनने १९७९ साली कायदा केला. तिथे पुस्तक किती वेळा घरी नेलं गेलं त्यावर पैसे मिळतात, चित्रकारही त्यात हक्काने येतो, २०१८ पासून ई-पुस्तकांची देवघेवही धरली जाते, आणि एका माणसाला वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर मिळत नाहीत. ही वरची मर्यादा मला फार आवडते, कारण तिच्यामुळे सगळा निधी चार खपाऊ नावांनाच जात नाही. वाचकाला यातलं काही कळतही नाही, तो पुस्तक नेतो आणि वाचतो.

भारतात अशी पद्धत नाही. महाराष्ट्राला मात्र ती सगळ्यात सोपी जावी. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आपल्याकडे आहे, अनुदान घेणारी ११-१२ हजार वाचनालयं आहेत. कोकणात तर रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून उभं आहे. हिशेब करून बघू. समजा अशा ११ हजार वाचनालयांतून हयात मराठी लेखक-चित्रकारांची पुस्तकं वर्षाला सरासरी ५ हजार वेळा घरी गेली आणि प्रत्येक वेळेला १ रुपया द्यायचा ठरला. सगळ्या राज्याचा खर्च होतो ५ कोटी ५० लाख. आणि एकच चित्रकथा धरली, ती प्रत्येक वाचनालयातून वर्षात वीस वेळा गेली, तर तिच्या लेखक-चित्रकाराला मिळून २ लाख २० हजार. वाटणी आधीच निम्मी-निम्मी ठरवून ठेवावी, म्हणजे भांडण नको. कुठल्या मराठी चित्रकाराला आज बत्तीस पानांमागे दर वर्षी असे पैसे मिळतात?

नोंदी कोण ठेवणार, असं विचारलं जाईल. खेड्यातल्या वाचनालयात अजून हाताने देवघेव लिहितात, हे मला चांगलं ठाऊक आहे, आमच्याकडेही लिहितात. त्यासाठी सगळ्यांच्या नोंदी लागतच नाहीत. ब्रिटनही काही निवडक वाचनालयांच्या आकड्यांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतो. दर जिल्ह्यातली संगणकीकृत पाच-सहा वाचनालयं घ्यावीत, दर काही वर्षांनी ती बदलावीत, म्हणजे आकडे फुगवायला कोणाला वाव राहणार नाही. याच यादीतल्या पुस्तकांच्या डिजिटल प्रती सभासदाला मोबाइलवर वाचायला द्याव्यात आणि तेही धरावं. मग पीडीएफ मागणाऱ्या पोराला मी नाही म्हणणार नाही. वाचनालयाची फाइल देईन, आणि त्या फाइलीमागे चित्रकाराच्या खात्यात रुपया जाईल.

जर्मनीने १९६५ पासून नक्कल करणाऱ्या यंत्रांवर शुल्क लावून ते निर्मात्यांना वाटायची पद्धत आणली. आपण मोबाइलवर तसं काही लावावं असं अधूनमधून सुचवलं जातं. मला ते पटत नाही. स्वस्तातला फोन घेणाऱ्याने पैसे द्यायचे आणि वाटणी मुंबईतल्या मोठ्या संगीत कंपन्यांत व्हायची, असंच त्याचं होईल.

दुसरी गोष्ट चित्रकाराला आजपासून करता येण्यासारखी आहे. २०१६ साली यूपीआय आलं आणि जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून त्याचं शुल्क घेणं बंद झालं. पाच रुपये पाठवले की पाचच्या पाच पोचतात. कार्डावर पैसे घेणाऱ्या परदेशातल्या चित्रकाराला हे जमत नाही, एवढी लहान रक्कम तिथे शुल्कातच जिरते. म्हणून तिकडे पॅट्रिऑनसारख्या महिन्याच्या वर्गणीच्या सोयी निघाल्या. ॲप स्टोअरमधून विकलं तर १५ ते ३० टक्के कंपनी कापून घेते. आपल्याकडे पाच रुपयांना एक भाग विकणं खरोखर शक्य आहे, आणि मराठी कॉमिक्सवाले अजूनही अडीचशे रुपयांच्या जाड पुस्तकातच अडकून बसलेत याचं मला वाईट वाटतं.

आणि क्यूआर श्रेयनामावलीच्या पानावर छापू नका. ते पान काढलंच जाणार आहे. तो चित्रातच घाला: शेवटच्या चौकटीत एसटी स्टँडच्या भिंतीवर, चहाच्या टपरीच्या काचेवर, खाली यूपीआयचा पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत. मोबाइलवर वाचणारा स्क्रीनशॉट काढून गॅलरीतून पैसे पाठवू शकतो. फाइल चोरली गेली, शंभर ग्रुपांत फिरली, तरी पैसे द्यायची वाट तिच्याबरोबरच फिरत राहील. चोर क्यूआर बदलेल? खुशाल बदलू दे. बँक खात्याला जोडलेला स्वतःचा पत्ता त्याने हजारो लोकांना वाटला, तर पोलिसांना त्याचं नाव शोधायला टेलिग्रामकडे जावं लागणार नाही.

करारांबाबत थोडक्यात. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो परत येतो. जुने करार काढून बघा, तुमचं चित्र कदाचित आधीच तुमचं झालेलं असेल. नव्या करारात डिजिटल हक्क वेगळे ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीत चित्रकार यावा, ही मागणी साहित्य संस्थांनी आता दिल्लीपर्यंत न्यायला हवी. मधु मंगेश कर्णिकांनी उभी केलेली कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ पासून गावोगाव शाखा चालवते, तिने हे काम हाती घेतलं तर ते कोकणातून सुरू होऊ शकेल.

सरकारची वाट बघत बसायचं नसेल तर वाचनालयांना स्वतःपुरतं सुरू करता येतं. आमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे मी ठराव ठेवणार आहे: हयात मराठी चित्रकाराची चित्रकथा घरी गेली की दर वेळी २ रुपये बाजूला, आणि मार्चअखेर ते यूपीआयने थेट त्याच्याकडे. चित्रकथांचं वेगळं कपाट केलं तर आमच्याकडे वर्षाला हजारभर वेळा देवघेव व्हावी, म्हणजे २ हजार रुपये. दरवर्षी आम्ही दिवाळी अंक घेतो, त्यातले सहा-सात कोणी हात न लावता परत कपाटात जातात. तेवढे कमी घेतले तरी ही रक्कम निघते. सावंतवाडी, वेंगुर्ला, चिपळूण, रत्नागिरी इथल्या जुन्या वाचनालयांनी याच दराने सुरुवात केली, तर ग्रंथालय संचालनालयापुढे जाताना आपल्या हातात एका वर्षाचे खरे आकडे असतील.